ट्रकचे टायर निवडताना या चुका टाळा

“कोणता टायर जास्त चालतो?” टायर घ्यायला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. कुठल्या एक्सलवर (चाकांच्या आसावर), किती वजनाखाली आणि कसल्या रस्त्यावर चालवायचाय, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. ट्रकचा टायर एक्सल बघून घ्यायचा असतो. ब्रँडचा वाद त्यानंतर घाला.

साइज वाचली, पुढचे आकडे सोडले

समजा टायरवर २९५/८० आर २२.५ आणि पुढे १५२/१४८ एम असं छापलंय. २९५ मिलिमीटर रुंदी, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्याच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे), २२.५ इंचाची रिम. इथपर्यंत बरेच जण वाचतात. पण वजनाचा हिशेब पुढे आहे. १५२ म्हणजे हा टायर एकटा असेल तर ३,५५० किलो पेलतो, आणि १४८ म्हणजे जोडीत (एका बाजूला शेजारी-शेजारी दोन) बसवला तर प्रत्येकी ३,१५० किलो. म्हणजे पुढच्या एक्सलवर दोन टायरांचे ७,१०० किलो, आणि मागे चार टायरांचे १२,६०० किलो. मागे ३,५५० ला सरळ चारने गुणलं तर दीड टनाहून जास्त घोळ होतो! एम हे वेगाचं अक्षर, ताशी १३० किलोमीटर.

एकाच साइजमध्ये वेगवेगळ्या लोड इंडेक्सचे (वरच्या १५२/१४८ सारख्या वजनाच्या आकड्यांचे) टायर मिळतात, त्यामुळे ‘साइज तीच आहे’ एवढ्यावर भागत नाही. भरलेली गाडी काट्यावर नेऊन प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं घ्या. आणि १६ पीआर (प्लाय रेटिंग) वाचून आत सोळा थर आहेत असं समजू नका. तो ताकदीचा दर्जा आहे, थरांची मोजणी नाही.

सगळीकडे एकच नक्षी

पुढे सरळ रिबचा (घेराभोवती सलग पट्ट्यांचा) टायर लागतो, कारण तिथे स्टिअरिंग हलकं आणि नेमकं राहायला हवं आणि पाणी खाचांतून बाहेर पडायला हवं. ड्राइव्ह एक्सलला (इंजिन ज्याला फिरवतं त्याला) पकड हवी, म्हणून तिथे खोल लग (आडवे जाड उंचवटे) किंवा ब्लॉक (सुटे ठोकळे). ट्रेलरचा टायर नुसता फिरतो, पण वळणावर आडवा घासला जातो. त्याला कमी खोलीची रिब पुरते. लगचा टायर पुढे घातला तर आवाज वाढतो आणि ब्लॉकची एक कड आधी झिजते. खाणीतला कट सोसणारा टायर महामार्गावर सतत वेगात पळवला की तापतो, आणि महामार्गाचा टायर खाणीत कापला जातो. दोन्हीकडे थोडं थोडं चालायचं असेल तर मिश्र वापराचा टायर घ्या.

जोडीत कोणताही टायर बसवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जोडीचे दोन्ही टायर एकाच हबला बांधलेले असतात, त्यामुळे फेरे सारखेच घेतात. एक नवा आणि एक अर्धा झिजलेला असेल तर मोठा टायर वजन उचलतो आणि लहान रस्त्यावर फरफटतो. मोठा तापून जातो, लहान वेडावाकडा झिजतो, आणि शिव्या कंपनीला! खाचांच्या खोलीत साधारण ३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे व्यासात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवू नका. ब्रँड वेगळे असतील तर खोली सारखी असूनही व्यास वेगळा निघू शकतो, म्हणून टेपने घेर मोजा. जोडीत, किंवा एकाच एक्सलवर, रेडियल आणि नायलॉन (तिरप्या धाग्यांचा टायर) एकत्र नकोच.

आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून तो तपासायचा राहतो. सळई ठोकून टायर पूर्ण सपाट झालाय की नाही एवढंच कळतं, हवा किती कमी आहे ते कळत नाही. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन बसवून घ्या.

‘एक साइज मोठा घालू’

२९५/८० च्या जागी ३१५/८० घातला तर व्यास सुमारे ३२ मिलिमीटरने, म्हणजे ३ टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ ला असेल, चढावर ओढ कमी पडेल आणि जोडीतल्या साइडवॉल एकमेकींना घासायची शक्यता वाढेल. रिमची रुंदीही जुळली पाहिजे.

झीज बघून दोष ओळखा

दोन्ही खांदे (रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या कडा) झिजले तर हवा कमी किंवा वजन जास्त. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच बाजू गेली तर आधी अलाइनमेंट बघा. हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने टोचत असेल तर टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडलाय. जागोजागी खळगे दिसले तर शॉक ॲब्सॉर्बर, बॅलन्सिंग आणि बेअरिंग तपासा. हे दुरुस्त न करता नवा टायर बसवला तर त्याचीही तीच गत होते.

हवा गार टायरमध्ये मोजा; गरम टायरचं वाढलेलं प्रेशर सोडून देऊ नका. ठरलेल्यापेक्षा हवा २० टक्के किंवा त्याहून जास्त कमी असताना चाललेला टायर उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा भरू नका. आतल्या तारा तुटलेल्या असतील तर भरताना साइडवॉल फाटते, आणि समोरच्या माणसाच्या जिवावर बेततं.

घेताना तारीखही बघा: साइडवॉलवर छापलेल्या डॉट कोडमधले शेवटचे चार आकडे २३२४ असतील तर टायर २०२४ च्या २३व्या आठवड्यातला. रिट्रेड (झिजलेल्या टायरवर नवा रबर चढवलेला) मागे चालेल, पुढच्या एक्सलवर घालू नका. आणि टायर बसवल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या.