बटेरांची आई कोण? ब्रीडिंग रिसर्चमध्ये यायचंय त्यांच्यासाठी

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी ज्युनियर मेसेज करतं, ताई मला जेनेटिक्समध्ये जायचंय, प्राण्यांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी कळव्याची, बीएस्सी झूऑलॉजी ठाण्यातून, मग एमएस्सी, मग दोन वर्षं एका प्रोजेक्टवर जपानी बटेरांसोबत (क्वेल, कोंबडीपेक्षा बराच लहान पाळीव पक्षी) काढली, मुरबाडच्या पुढे एका फार्मवर, आणि आता महापेला एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये शेळ्या-मेंढ्या-गाईंची डीएनए सॅम्पल बघते. मी व्हेट म्हणजे जनावरांची डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, कारण त्याने रस्ता बदलतो. त्यावर येतेच.

जॉईन झाले तेव्हा डोक्यात पांढरा कोट, पिपेट, स्क्रीनवर रंगीत ग्राफ असलं काहीतरी होतं. पहिल्या दिवशी मॅडमनी हातात दिलं एक जाडजूड रजिस्टर, एक डिजिटल काटा आणि एक पेन्सिल. आई रोज विचारायची, एवढं शिकून कोंबड्या राखतेस का गं? बटेर आहेत आई, कोंबड्या नाही, एवढंच उत्तर होतं माझ्याकडे.

बटेरच का, तर सरळ हिशोब आहे. गाईत एक पिढी म्हणजे चार-पाच वर्षं कुठे गेली नाहीत, तुमची पीएचडी संपेल पण नातवंडं बघायला मिळणार नाहीत. बटेराचं अंडं १७-१८ दिवसांत फुटतं, पिल्लू जेमतेम ७-८ ग्रॅमचं, आणि सहा-सात आठवड्यांत तेच पिल्लू स्वतः अंडी घालायला लागतं. म्हणजे वर्षाला आरामात तीन पिढ्या, कधी चार. जागा कमी, खाद्य कमी. आपल्याकडे हे पक्षी १९७४ साली बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणले आणि आजही बटेरांवरचं मोठं काम तिथल्याच केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत चालतं. रानातला लावा वेगळा हं, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो पकडून आणून मी पण प्रयोग करतो असला विचार कोणी करू नका. आमच्या दोन वर्षांत सहा पिढ्या व्हायला हव्या होत्या, झाल्या पाच. सहावी माझ्यामुळे गेली.

आता काम काय असतं ते बघा. समजा पाचव्या आठवड्याला कळपाचं सरासरी वजन १५० ग्रॅम आहे, त्यातले तुम्ही जड जड पक्षी निवडले, त्यांची सरासरी १७०. वीस ग्रॅमचा फरक. पण पुढची पिढी १७० ची निघत नाही, कारण जडपणा काही रक्तातून आला, काही चांगल्या खाद्यातून, काही पिंजऱ्याच्या जागेमुळे. रक्तातला वाटा किती, त्याला हेरिटॅबिलिटी म्हणतात. ती ०.४ धरली तर वीसातले आठच ग्रॅम पुढे जातात, नवी सरासरी १५८. झालं, अर्धी ब्रीडिंग थिअरी यात आली, बाकी अर्धी म्हणजे हा ०.४ काढायचा कसा, आणि तो काढायला कुठलं पिल्लू कोणाचं हे माहीत असावंच लागतं. अंड्यांच्या संख्येला हेरिटॅबिलिटी याहून बरीच कमी असते, म्हणून तिथे एकट्या मादीचं रेकॉर्ड बघून भागत नाही, तिच्या बहिणी, सावत्र बहिणी सगळ्यांचं बघावं लागतं. आणि वर इनब्रीडिंगचं लफडं. बटेर त्यात फार नाजूक, सख्खे भाऊबहीण लावत गेलात तर दोन-तीन पिढ्यांतच अंडी फळायची बंद होतात, पिल्लं आतल्या आत मरतात. म्हणजे परत तेच, कोण कोणाचं.

त्यासाठी प्रत्येक मादी वेगळ्या पिंजऱ्यात, नर ठरलेल्या वेळी आत सोडायचा आणि काढायचा, आणि रोज अंड्यावर पेन्सिलने पिंजरा नंबर लिहायचा. बटेराच्या अंड्यावर इतके काळे-तपकिरी डाग असतात की लिहायला कोरी जागा शोधावी लागते. आमच्याकडे जे मामा होते, पक्ष्यांना खाद्य-पाणी करणारे, ते नंबर वाचायचेच नाहीत. अंडं हातात घेऊन म्हणायचे, ताई हे अकरावालीचं. मला वाटायचं फेकतायत. मग एकदा मुद्दाम वीस अंडी नंबर खाली करून ठेवली, त्यातली अठरा त्यांनी बरोबर सांगितली. खरंच प्रत्येक मादीच्या डागांची नक्षी साधारण तशीच येत राहते, एकीचे मोठे शाईचे ठिपके, एकीची बारीक मोहरी. फार्मवरच्या माणसाशी मैत्री करा, हा माझा सगळ्यात सिरीयस सल्ला. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाकायच्या नाहीतर पिल्लं बुडून मरतात, हे पण मला मामांनीच शिकवलं.

आता माझा पराक्रम. आठवडाभराची अंडी साठवून एकदम उबवणीच्या मशीनला लावायची, चौदाव्या दिवशी हॅचरमध्ये, म्हणजे जिथे ती फुटतात त्या पेटीत, हलवायची, तिथे प्रत्येक आईची अंडी वेगळ्या झाकणाच्या जाळीत, म्हणजे फुटली तरी भावंडं एकत्रच राहतात. मी त्या बॅचची अंडी गुरुवारी लावली. गुरुवार अधिक सतरा म्हणजे रविवार, हे बोटांवर मोजलं असतं तरी कळलं असतं. त्यात झाकणाच्या जाळ्या कमी पडल्या म्हणून मी काही खणांना नुसते पुठ्ठ्याचे आडोसे केले, म्हटलं सकाळी लवकर पोचतेच आहे. रविवारी ठाणे-कल्याण मेगाब्लॉक. कळवा स्टेशनला पाऊण तास उभी, मग रिक्षा, मग कल्याणहून मुरबाडची एसटी भरेपर्यंत हलेना, फार्मवर पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. हॅचरच्या काचेतून बघितलं तर पुठ्ठे आडवे आणि सगळीकडे पिवळी-तपकिरी पिल्लं, एकमेकांच्या अंगावरून पळतायत, इतकी गोड की रडू आणि हसू दोन्ही एकदम आलं. ९४ पैकी ३८ पिल्लांची आई कोण हे सांगता येईना. अंड्याच्या कवचावरून मामांना विचारावं तर कवचांचा चुरा.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी रजिस्टरमध्ये त्या ३८ जणांपुढे लाल पेनाने एक रेघ मारली आणि म्हणाल्या, ही आता नुसती बटेर आहेत. राहिलेल्यांत पुरेशी कुटुंबं भरेनात म्हणून ती पिढी परत घ्यावी लागली. तेव्हापासून मी अंडी शनिवारी लावते, सतरावा दिवस मंगळवार येतो.

तुम्ही म्हणाल डीएनए टेस्ट करायची होती. करता येते, पण शेकडो पिल्लांचे आई-बाप डीएनएवरून शोधत बसायचे पैसे कुठल्या प्रोजेक्टकडे असतात, आणि आई-बाप दोघांची सॅम्पल पण जपलेली लागतात. डीएनएवरून आठवलं, पक्ष्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं (डीएनए मुख्यतः त्यातच), आपल्यात नसतं, त्यामुळे पंखाखालच्या शिरेतला एक थेंब पुरतो. मी पहिल्यांदा माणसाच्या रक्ताच्या मापाने २०० मायक्रोलिटर घेतलं तर ट्यूबमध्ये अक्षरशः जेली झाली, टिप वर उचलली की शेंबडासारखी तार येत होती. ५-१० पुरे.

रस्त्यांबद्दल पटकन. बारावीत असाल आणि नक्की ठरलं असेल तर NEET परीक्षा देऊन व्हेटर्नरीला जा, साडेपाच वर्षं इंटर्नशिप धरून, मग अ‍ॅनिमल जेनेटिक्स अँड ब्रीडिंगमध्ये एमव्हीएस्सी (व्हेटर्नरीतली मास्टर्स). ठाणेकरांना परळचं कॉलेज जवळ, ते १८८६ पासूनचं आहे. सायंटिस्टची सरकारी पोस्ट हवी असेल तर हाच रस्ता सरळ. माझ्यासारखे बीएस्सीवाले असाल तर प्रोजेक्ट असिस्टंट, जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो), लॅब, डेटा अशा दारांनी आत येता येतं, पण मग स्टॅटिस्टिक्स आणि आर (R, आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकल्याशिवाय येऊ नका. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची लॅबची पद्धत) करणारे ढिगाने मिळतात, पेडिग्री फाईल, म्हणजे कोण कोणाचं याची यादी, साफ करून स्टॅटिस्टिक्सचं मॉडेल चालवणारे मिळत नाहीत, आणि पगाराच्या बोलणीत हा फरक कळतो.

आणि फक्त बटेर-कोंबड्यांवर थांबू नका, आपल्या राज्यात उस्मानाबादी शेळी आहे, डांगी गाय आहे, फलटणला निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जीन दख्खनी मेंढीत आणलाय. तो एकच जीन, एक प्रत असली तरी मेंढीला बऱ्याचदा जुळं होतं, म्हणून तिथे डीएनए टेस्ट करून थेट निवड करता येते. वजनात तसं नसतं, तिथे असंख्य जीन थोडं थोडं काम करतात. इंटरव्ह्यूला हा फरक हमखास विचारतात.

महापेला येऊन मला वाटलं आता रजिस्टर सुटलं. मागच्या आठवड्यात शेळ्यांच्या ४० ट्यूब आल्या, बर्फात नीट पॅक केलेल्या, आणि ट्यूबवर मार्करने लिहिलेले नंबर वाटेत सांडलेल्या इथेनॉलने पुसून निळा ओघळ झालेला. पेन्सिलने लिहिलं असतं तर राहिलं असतं. पाठवणाऱ्याला फोन केला, म्हटलं यातली कुठली कोणाची? तो म्हणाला, मॅडम, रक्त तर आहे ना आत?