न दिसलेल्या प्राण्यांची मोजणी : वन्यजीव संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातील अनेक तरुणांची वन्यजीव अभ्यासाशी पहिली ओळख बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर होते. पाणवठ्याशेजारी रात्रभर बसायचे, आलेला प्राणी तक्त्यात नोंदवायचा आणि सकाळी तो तक्ता वनरक्षकाच्या हाती द्यायचा. जंगलाची सवय व्हावी म्हणून हा अनुभव जरूर घ्यावा. आता या उपक्रमाला बऱ्याच ठिकाणी ‘निसर्गानुभव’ म्हणतात आणि ते नाव मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण सगळ्या तक्त्यांची बेरीज केली तरी जंगलातील प्राण्यांची संख्या हाती लागत नाही. रानडुकरांचा एकच कळप एका रात्रीत दोन पाणवठ्यांवर नोंदला जाऊ शकतो आणि ज्या अस्वलाने त्या रात्री दुसऱ्याच ओढ्यावर पाणी प्यायले, ते कोणाच्याच तक्त्यात येत नाही. जे दिसले ते सगळेच लिहून ठेवतात. जे दिसले नाही त्याचा हिशेब कसा मांडायचा, हे शिकण्यात संशोधकाची उमेदवारी जाते.

वाघांच्या मोजणीने हा धडा देशाला महागात शिकवला. १९६०च्या दशकापासून पाऊलखुणांवरून वाघ मोजले जात असत. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो, हे त्यामागचे गृहीतक होते. २००५ साली राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नसल्याचे उघड झाले आणि या पद्धतीवरचा विश्वास संपला. दुसरा मार्ग तोपर्यंत उपलब्ध होता. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी १९९०च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपमधील (प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांमधील) छायाचित्रांवरून, अंगावरच्या पट्ट्यांच्या आधारे वाघ ओळखून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधला होता. या पद्धतीचा गाभा साध्या गणिताने समजतो. पहिल्या फेरीत २० वाघ टिपले गेले, दुसऱ्या फेरीत १५ आणि त्या १५पैकी १० पहिल्या फेरीतलेच निघाले, असे समजा. म्हणजे दुसऱ्या फेरीतील दोनतृतीयांश वाघ ओळखीचे होते. तेव्हा पहिल्या फेरीतील २० हेसुद्धा एकूण संख्येच्या दोनतृतीयांश असावेत आणि एकूण वाघ सुमारे ३० असावेत. प्रत्यक्षातील सांख्यिकी याहून बरीच गुंतागुंतीची असते, पण विचार हाच. २०२२च्या देशव्यापी गणनेत भारतात सरासरी ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचे सांगितले गेले, ते आकडे असेच अंदाज आहेत आणि अंदाजाला खालची व वरची मर्यादा असते. वर्तमानपत्रे ती मर्यादा छापत नाहीत. तुम्ही मात्र आधी तीच शोधावी.

कॅमेरे लावण्याचे काम लांबून रोमांचक दिसते. वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधावे लागतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात आणि एकाच कुशीचे छायाचित्र मिळाले तर तो वाघ मोजावा की नाही, असा पेच पडतो. दोन्ही कॅमेरे मात्र अगदी एका रेषेत नसावेत. एकाच्या फ्लॅशच्या झोताने दुसऱ्याचे छायाचित्र पांढरे पडते. समोरचे गवत हाताने उपटून काढावे, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या एका पात्यापायी मेमरी कार्ड रिकाम्या छायाचित्रांनी भरून जाते. विदर्भात उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. कॅमेऱ्याचा सेन्सर अंगातील उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतील फरक टिपतो. पारा चाळिशीपलीकडे गेला की हा फरक जवळजवळ मिटतो आणि भर दुपारी समोरून गेलेला प्राणी कॅमेऱ्याला कळतही नाही. त्यानंतर हजारो छायाचित्रे चाळायची असतात, त्यांत गुरे, गुराखी आणि मोहफुले वेचायला निघालेल्या बायकाच जास्त असतात.

चितळ, सांबर, नीलगाय अशा प्राण्यांना अंगावरच्या खुणांवरून एकेकटे ओळखून मोजणे मोठ्या प्रमाणावर शक्य होत नाही. त्यांच्यासाठी ठरावीक सरळ रेषेवर पहाटे चालत जायचे आणि प्राणी दिसताच त्याचे अंतर रेंजफाइंडरने व दिशा होकायंत्राने मोजायची. रेषेपासून जसजसे दूर जावे तसतसे दिसणारे प्राणी कमी होतात आणि त्या घटीवरूनच न दिसलेल्यांचा अंदाज काढला जातो. म्हणून अंतर डोळ्यांनी ठोकून देणे हा मोठाच अपराध. नवख्यांच्या वहीत ५० आणि १०० मीटर हे आकडे संशयास्पद वाटावेत इतक्या वेळा येतात. प्राणी बुजून पळाला, तर तो आधी जेथे उभा होता तेथपर्यंतचे अंतर मोजावे.

वर्तनाच्या अभ्यासातही हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. काळविटांच्या कळपाकडे बघत वाटेल ते टिपत बसले, तर वहीत झुंजी आणि पाठलागच भरतात. चरणे, रवंथ करणे, नुसते उभे राहणे डोळ्यांत भरत नाही म्हणून लिहिलेही जात नाही. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली या चुकीवर नेमके बोट ठेवले आणि एकाच प्राण्यावर ठरावीक वेळ नजर ठेवणे किंवा ठरावीक अंतराने सगळ्या कळपाची नोंद घेणे, अशा पद्धतींची शिस्त घालून दिली. रेहेकुरीसारख्या लहान अभयारण्यात किंवा गावाजवळच्या वानरांवरही हा सराव करता येतो; त्यासाठी ताडोबाच गाठायला हवे असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. अभयारण्य नसलेल्या त्या शेतीच्या प्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे त्यात आढळले.

शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथील पदव्युत्तर अभ्यासक्रम नावाजलेले आहेत. जागा मोजक्या असतात आणि दर वर्षी प्रवेश निघतीलच असे नाही. अभियांत्रिकी किंवा पशुवैद्यक शिकून आलेली मुलेही या क्षेत्रात भेटतात, त्यामुळे प्राणिशास्त्राची पदवी नाही म्हणून कोणी माघार घेऊ नये. सांख्यिकी मात्र टाळता येत नाही. पदवीच्या काळातच ‘आर’ ही संगणकभाषा शिकून घ्यावी.

सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या, मुदतीच्या आणि बेताच्या मानधनाच्या असतात. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंतचे महिने घरच्यांना समजावण्यात जातात, हे आधीच धरून चालावे. स्वतःचा अभ्यास आखाल, तेव्हा संरक्षित क्षेत्रात काम करण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात तो अर्ज नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयाकडे जातो आणि परवानगी हाती यायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून उन्हाळ्यात काम करायचे असेल, तर अर्ज आदल्या पावसाळ्यातच करावा आणि त्यात कोणत्या बीटमध्ये (वनरक्षकाच्या हद्दीत), किती माणसांनिशी, कोणती उपकरणे घेऊन जाणार, हे स्पष्ट लिहावे.