काडतुसाची दारू मोजायला काटा घेताना

कोल्हापुरात गुजरीत आमचं सराफीचं दुकान. शटर उघडलं की वडील आधी काट्याखालची फळी पुसायचे, मग रिकामी पारडी बघायचे, आणि मगच गिऱ्हाईक. आता मी ह्यूस्टनला गॅरेजमध्ये माझ्या रायफलची काडतुसं स्वतः भरतो, पण सवय तीच आहे. मापही ओळखीचंच निघालं. इथे दारू ग्रेनमध्ये मोजतात, आणि ब्रिटिशांनी 1833 साली ठरवलेला आपला तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन. माझी 168 ग्रेनची गोळी तोळ्याला पाऊण ग्रॅम कमी भरते.

एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम. तुमच्या काट्याला 0.1 ग्रेनचा फरक कळलाच पाहिजे. खिशात मावणारे स्वस्त काटे 0.01 ग्रॅमचे असतात. बटण दाबलं की ग्रेन दाखवतात, म्हणून लोक घेतात. पण 0.01 ग्रॅम म्हणजे 0.15 ग्रेन. त्याहून बारीक काही त्या काट्याला दिसत नाही, तो फक्त गुणाकार करून आकडा दाखवतो. असा काटा घेऊ नका.

नवख्याला मी दांडीचाच काटा सांगतो. चांगल्या काट्यात दांडीची पोलादी धार अकिकाच्या खाचेवर टेकलेली असते. शून्यावर आणा, दांडी बोटाने हलकेच दाबून सोडा. पाच-सहा वेळा करा, दर वेळी त्याच रेघेवर थांबायला हवी. नाही थांबली तर धारेपाशी धूळ बसली असेल. मऊ ब्रशने झाडा, तेल मात्र थेंबभरही नको. मग प्रिंटरच्या 75 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम) कागदाचा एक सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापून पारड्यात टाका. त्याचं वजन साडेसात मिलिग्रॅम, 0.1 ग्रेनहून किंचित जास्त. तेवढ्यानं दांडी हलली तर काटा जिवंत आहे.

डिजिटल घ्यायचा तर अर्धा तास आधी चालू करून ठेवा, आणि हे नक्की तपासा: वाटी ठेवून शून्य करा, चिमटीने दाणा-दाणा दारू टाकत जा, मग वाटी उचलून परत ठेवा. आकडा बदलला तर सावकाश पडणारे दाणे तो काटा मोजत नव्हता. तो परत करा. चुंबकीय बलावर चालणारे महागडे काटे 0.02 ग्रेनपर्यंत दाखवतात. हजार यार्डांवर नेम धरणाऱ्यांना त्यांचा उपयोग, बाकीच्यांना गरज नाही.

काट्याबरोबर कसोटीची वजनं घ्याच. मी 40 ग्रेनच्या आसपास दारू भरतो, म्हणून तेवढ्याच वजनाचा जोड ठेवतो, आणि चिमट्यानेच उचलतो, कारण बोटांचं तेल वजनाला चिकटतं. एका उन्हाळ्यात एसीचा झोत थेट काट्यावर येत होता. शून्य सरकत गेलं आणि मला कळलं काडतुसांच्या पन्नास पुंगळ्या भरून झाल्यावर. पन्नासच्या पन्नास उघडल्या, दारू काढली. दारू कमी की जास्त हे माहीत नसलेलं काडतूस मी चेंबरमध्ये घालणार नाही.

तेव्हापासून दर दहा पुंगळ्यांनंतर कसोटीचं वजन ठेवतो. आकडा 0.1 ने जरी हलला, तरी त्या दहाही रिकाम्या करतो आणि काटा पुन्हा शून्यावर आणतो.