कारागिराच्या आयुष्याची नोंद: हत्यारांच्या पेटीपासून छापील पुस्तिकेपर्यंत

घरातला सुतार, गवंडी, प्लंबर किंवा वायरमन गेला की त्याच्यावर चार ओळी लिहिल्या जातात आणि त्यांत ‘कष्टाळू, मनमिळाऊ, निगर्वी, कुटुंबवत्सल’ हे हटकून येतं. शब्द खरेच असतात. पण त्यांवरून त्याच्या हातात करवत होती की थापी, एवढंसुद्धा कळत नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाचं आयुष्य त्याच्या कामांत, मापांत आणि वेळांत सापडतं. तेव्हा आधी ते गोळा करायचं आणि मग त्याच्यावरचा लेख किंवा छोटी पुस्तिका लिहायला बसायचं.

आवराआवरी थांबवा

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या काही दिवसांत होतं, तेही चांगल्या हेतूने. कोणी पेटी झाडूनपुसून लख्ख करतं, कोणी पावत्या रद्दीत घालतं, कोणी फोन रीसेट करून मुलांच्या हातात देतं. त्याआधी पेटी, कामाची पिशवी, गाडीची डिकी, भिंतीवर टांगलेली हत्यारं, सगळ्याचे जसं आहे तसे फोटो काढा. पेटीचा फोटो झाकण उघडून थेट वरून काढा, मग एकेक कप्पा. रोज हाताशी काय लागायचं आणि तळाशी काय पडून असायचं, ते या मांडणीतच असतं. एकदा वस्तू हलवल्या की सांगणारं कोणी उरत नाही.

सिमकार्डही लगेच बंद करू नका. गिऱ्हाइकांचे फोन त्याच नंबरवर येत राहतात, आणि त्यांतले काही पुढे मुलाखतीला उपयोगी पडतात. फोनमधले कामाचे फोटो केबलने संगणकावर उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे फोटो म्हणून पाठवले तर ते दाबले जातात आणि फोटो कधी काढला ही आतली नोंदही जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गुळगुळीत थर्मल कागदावरच्या पावत्यांची छपाई उष्णतेने आणि उजेडाने उडते. पीव्हीसीच्या प्लास्टिक पाकिटात तर आणखी लवकर. पहिल्याच दिवशी त्यांचे फोटो घ्या. ड्रिल मशीन किंवा वेल्डिंगचा सेट कोणत्या वर्षी घेतला, याचा तेवढाच पुरावा असू शकतो.

वर्षांचा सांगाडा

एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा: वर्ष, वय, काम, घर. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि लेख तिथेच कोरडा होतो. कामाच्या शेजारी मुलांची शिक्षणं, आजारपणं, घराचं बांधकाम लिहिलं की कोणत्या वर्षी रात्रपाळ्या वाढल्या आणि कशासाठी, ते कागदावर आपोआप दिसतं.

माहिती परवाना, प्रशिक्षणाचा दाखला, मापांची वही, बँकेचं पासबुक आणि फोटोंच्या पाठीवरच्या शिक्क्यांवरून मिळते. वर्ष आठवत नसेल तर ‘कोणत्या साली?’ असं विचारून उपयोग नाही. ‘थोरलीच्या जन्माआधी की नंतर?’ असं विचारा, उत्तर मिळतं. कागदाचा पुरावा असलेल्या वर्षापुढे खूण करा, आठवणीतल्या वर्षाआधी ‘सुमारे’ लिहा. ही खूण शेवटपर्यंत ठेवायची. एकदा छापलेली चुकीची तारीख पुढची पिढी खरी मानते.

मापांची वही मिळाली तर तिचं प्रत्येक पान स्कॅन करा, नुसत्या आकड्यांचंसुद्धा. खिडकीचं माप सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लिहिलंय की मिलिमीटरमध्ये, खोडून पुन्हा कुठे लिहिलंय, हिशेबाच्या कडेला शाळेच्या फीचा आकडा आहे का, हे सगळं लेखाचा कच्चा माल आहे.

कोणाला आणि काय विचारायचं

घरच्यांना माणूस माहीत असतो, त्याचं काम क्वचितच. म्हणून सुरुवात हाताखाली काम केलेल्यांपासून करा. त्यानंतर बरोबरीचे कारागीर, माल देणारा दुकानदार, जुनी गिऱ्हाइकं आणि शेवटी घरची माणसं. तोवर तुमच्याकडे विचारण्यासारखं बरंच जमलेलं असतं.

‘कसे होते ते?’ या प्रश्नाला पुन्हा तीच चार विशेषणं मिळतात. त्याऐवजी विचारा: पहिल्या दिवशी तुम्हाला कोणतं काम दिलं? कोणत्या कामाला ते सरळ नाही म्हणायचे? कोणतं हत्यार दुसऱ्याला देत नसत? माप चुकलं तर लाकूड कोणाच्या पैशांतून जायचं? गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर काय करायचे? प्रश्न विचारताना त्यांचं एखादं हत्यार समोरच्याच्या हातात द्या. हातात पकड आली की आठवणी क्रमाने येतात, शिवाय बोलणारा ती क्रिया करून दाखवतो. त्या वेळी आवाजाबरोबर व्हिडिओही चालू असू द्या.

रेकॉर्डिंगला महागडा माइक लागत नाही. पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि बोलणाऱ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर घडी घातलेल्या कापडावर ठेवा. टेबलावर नुसता ठेवलात तर कपाचा प्रत्येक ठोका टेपमध्ये येतो. अ‍ॅपमध्ये सोय असेल तर वेव्ह फाइल निवडा, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनोमध्ये तासाला सुमारे ३२० एमबी लागतात. सुरुवातीला तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि नातं मोठ्याने बोलून घ्या. तासाभरात थांबा, त्यापुढे माणूस थकतो आणि तेच तेच सांगतो. मध्ये शांतता पडली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, सगळ्यात चांगली वाक्यं अशा थांब्यानंतर येतात. सांगितलेलं छापण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्यायची, हे वेगळं सांगायला नको.

घरच्यांना वेळा विचारा. सकाळी किती वाजता निघायचे, परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचे, आठवड्यातला कोणता दिवस कामाला देत नसत, घरासाठी स्वतः काय काय बनवलं. घरावरची माया या उत्तरांत असते. ‘त्यांचा मुलांवर फार जीव होता’ हे वाक्य कोणाच्याही नावाने छापता येतं. ‘मुलीच्या परीक्षेच्या महिन्यात ते घरात ड्रिल लावायचे नाहीत, भोकं पाडायची असली तर हाताने फिरवायच्या गिरमिटाने पाडायचे’ हे एकाच माणसाचं असू शकतं.

हत्यारं: काय पुसायचं, काय नाही

इथे घाई करू नका. पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, वर्षानुवर्षं धार लावून आखूड होत जाते. त्याच रुंदीच्या आणि बनावटीच्या नव्या पटाशीशेजारी ती ठेवून मोजा. जेवढे सेंटिमीटर कमी, तेवढं काम तिने केलेलं. हातोड्याच्या दांड्यावर अंगठ्याची जागा खोलगट झालेली असते, आणि माणूस डावखुरा होता का, तेही त्यावरून दिसतं. लाकूड गुळगुळीत करायच्या रंध्याची पकडायची बाजू घामाने काळी पडते. हे फोटोत यायचं तर फ्लॅश बंद करा, हत्यार खिडकीजवळ ठेवा आणि उजेड एका बाजूने तिरका येऊ द्या. समोरून आलेला प्रकाश सगळे खळगे सपाट करतो. माप कळावं म्हणून फोटोत शेजारी एक मोजपट्टी ठेवा.

पॉलिश पेपर लावायचा नाही. दांडा घासला की वर सांगितलेलं सगळं दहा मिनिटांत जातं. आधी कोरडा मऊ ब्रश आणि सुती कापड. लालसर सुटा गंज असेल तेवढ्याच जागी हलकं मशीन ऑइल आणि सगळ्यात बारीक, म्हणजे चार शून्यांची स्टील वूल, हलक्या हाताने. तपकिरी-काळा घट्ट थर तसाच राहू द्या. तो वापराचा रंग आहे. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने गंज जातो खरा, पण लोखंड राखाडी पडतं आणि पुसट कोरलेलं नावही अस्पष्ट होतं. शेवटी तेल पुसून मेणाचा अगदी पातळ हात द्या.

लाकडी दांडा कोरडा पडला असेल तर जवसाचं तेल कापडाने पातळ लावा, पंधराएक मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसून काढा. मात्र ती तेलकट फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आणखी काही सांभाळायच्या गोष्टी. जुना ओळंबा (भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन) शिशाचा असू शकतो. हाताळल्यावर हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका. टॉर्च आणि मीटरमधले सेल काढा, ते फुटून आतलं सगळं खातात. फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नका, घरातही ठेवू नका. ती गोळा करणाऱ्या केंद्रातच द्या. जुन्या विजेच्या यंत्राची वायर तपासल्याशिवाय ‘चालतंय का बघू’ म्हणून प्लग लावायचा नाही. आणि चामड्याच्या म्यानात पाती ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि आत गंज चढतो. म्यान आणि पातं शेजारी शेजारी, पण वेगळं.

प्रत्येक हत्याराला दोऱ्याने चिठ्ठी बांधा, चिकटपट्टी नको. चिठ्ठीवर पेन्सिलीने नाव, कधीपासूनचं, कोणत्या कामाचं. घरात पाच-सहा हत्यारं ठेवली तरी पुरे. बाकीची हाताखालच्या कारागिराला दिलेली बरी. काचेमागे गंजण्यापेक्षा चालत राहणं हत्याराच्या भल्याचं असतं, आणि देणाऱ्याचं नाव त्या वर्कशॉपात घेतलं जातं. चौकटीत लावायची ती तारेने बांधा, गोंदाने चिकटवू नका.

उभी असलेली कामं

जिना, दरवाजा, भिंत, पॅनेल अशी पाचेक कामं निवडा. प्रत्येकाचे तीन फोटो पुरतात: पूर्ण काम, सांध्याचा जवळून आणि सहसा न दिसणारी बाजू. जिन्याची खालची बाजू, खणाची पाठ. प्लंबर आणि वायरमन यांची पंचाईत अशी की त्यांचं चांगलं काम भिंतीच्या आत असतं. तिथे व्हॉल्व्हची जोडणी किंवा उघडलेल्या बोर्डातल्या वायरींची रचना घ्या. बोर्डाचं झाकण मात्र मेन स्विच बंद करून जाणकारानेच उघडायचं.

जुने फोटो

चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, पुस्तिकेला भरपूर. पासपोर्ट फोटो १२०० डीपीआयवर घ्या, तो चौपट मोठा छापता येतो. मूळ प्रत टिफमध्ये, वाटायची जेपेगमध्ये. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. दातांचा फ्लॉस त्याच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. निघालाच नाही तर पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन कधीच नको, ते परत निघत नाही. सगळ्या फायलींच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

लेख आणि छपाई

वाचून दाखवायचा असेल तर ५०० ते ६०० शब्द, म्हणजे साधारण पाच मिनिटं. पहिल्या वाक्यात धंदा आणि तो किती वर्षं केला हे येऊ द्या; जन्मतारीख दुसऱ्या परिच्छेदात आली तरी चालते. प्रत्येक विशेषणावर बोट ठेवा आणि त्याचा दाखला लेखात आहे का बघा. दाखला असेल तर विशेषण नको, नसेल तर तर नकोच. रागीटपणा, उधारी, यंत्रात गेलेलं बोट हे सगळं झाकून टाकू नका. एखादी अडचणीची ओळ राहिली तर बाकीच्या लेखावर विश्वास बसतो. कोणती ठेवायची ते मात्र घरच्यांना विचारून.

मसुदा त्याच धंद्यातल्या एकाला वाचायला द्या. सुताराच्या हातात कानस कशासाठी, हे न कळता लिहिलेलं वाक्य तो लगेच पकडतो. करवतीच्या दात्यांना धार कानशीनेच लावतात, पण लिहिणाऱ्याने तिच्याने लाकूड कापलेलं असतं.

मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत हवीत: १२, १६, २०. छापखान्याला वर्ड फाइल न देता फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या, नाहीतर तिथल्या संगणकावर जोडाक्षरं सुटी होतात. छापण्याआधी एक कागदी प्रूफ मागवा आणि ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’सारख्या शब्दांतला ‘ऱ्या’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, रफार आणि सगळी आडनावं मोठ्याने वाचत तपासा. हे काम लेख लिहिणाऱ्याने करू नये. त्याला काय लिहिलंय ते पाठ असतं, त्यामुळे चूक दिसत नाही.