काचेतल्या लाटेमागे

बाबा बार्जवर खलाशी होते. आमोण्याहून खनिज भरून बार्ज मुरगावच्या दिशेनं निघाली की तिच्या मागची लाट दोन्ही काठांकडे पसरायची, खाजनाच्या बांधावर आपटायची आणि संपायची. पुढे ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात एम.एस्सी. करताना स्कॉट रसेल या स्कॉटिश इंजिनियरची गोष्ट वाचली. १८३४ साली एडिंबरोजवळच्या एका कालव्यात घोड्यांनी ओढलेली होडी अचानक थांबली, आणि तिच्यापुढे साचलेला पाण्याचा उंचवटा आकार न बदलता पुढे चालू लागला. रसेल घोड्यावरून मैल-दीड मैल त्याच्या मागे गेला. मी हे बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "होडी थांबली म्हणून लाट थांबत नसते, हे सांगायला साहेबच कशाला हवा?"

लाट थांबत नाही, पण पसरते. ती पसरली कशी नाही, हाच तर प्रश्न. तोच प्रश्न काचेच्या तंतूतल्या प्रकाशाला विचारत माझी बारा वर्षं गेली.

या वाटेला येणाऱ्यांना आधी विषय नेमका काय तो सांगते: अरैखिक प्रकाशिकी. साध्या काचेत प्रकाश कमी-जास्त केला तरी काच तशीच वागते, असं आपण बी.एस्सी.पर्यंत मानतो. ते पूर्ण खरं नाही. दूरसंचाराच्या फायबरचा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा. त्यात दहा मिलिवॅट, म्हणजे खेळण्यातल्या लेझरइतकी शक्ती घातली, तरी तेवढ्याशा जागेत तिची तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या लाखपट होते. तिथं काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती मंदावते त्याचं माप, किंचित वाढतो. प्रकाशाच्या तीव्रतेनुसार काचेचं असं बदलणं म्हणजेच अरैखिकता. किंचित म्हणजे खरोखर नगण्य, पण प्रकाश त्या काचेतून शंभर-शंभर किलोमीटर जात असतो, आणि नगण्य गोष्ट साचत जाते.

एवढ्या अंतरावर प्रकाश टिकतो, हेच आधी कुणाला खरं वाटलं नसतं. चार्ल्स काओ आणि हॉकम यांनी १९६६ साली मांडलं, की किलोमीटरला वीस डेसिबलपेक्षा कमी घट असेल तर काच दूरसंचाराला चालेल. वीस डेसिबल म्हणजे किलोमीटरभरात शंभरातला एकच भाग उरणं! आजच्या फायबरमध्ये घट किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल. म्हणजे पेडण्यात सोडलेला प्रकाश थेट काणकोणपर्यंत नेला, तेव्हा कुठे शंभरातला एक उरेल. काओंना २००९ साली नोबेल मिळालं.

पण लांब टिकला म्हणजे सुटला असं नाही. संदेश प्रकाशाच्या छोट्या झोतांनी, म्हणजे स्पंदांनी जातो. स्पंदातले वेगवेगळे रंग वेगवेगळ्या गतीनं जातात आणि स्पंद पसरतो, बार्जच्या लाटेसारखाच. १९७३ साली हासेगावा आणि टॅपर्ट यांनी दाखवलं, की योग्य तरंगलांबीला काचेचा हा अरैखिक हट्ट त्या पसरण्याला बरोबर तोलू शकतो. १९८० साली बेल लॅब्समध्ये मोलेनॉअर आणि सहकाऱ्यांनी असा स्पंद फायबरमध्ये प्रत्यक्ष पाहिला. हाच सॉलिटॉन. गंमत अशी की भौतिकीवाला ज्याच्या प्रेमात पडतो, तीच अरैखिकता दूरसंचाराच्या इंजिनियरला डोकेदुखी वाटते: एका वाहिनीतला प्रकाश शेजारच्या वाहिनीत गडबड करतो, आणि शक्ती वाढवून संदेश स्पष्ट करावा म्हटलं तर एका मर्यादेनंतर तो आणखी बिघडतो. संशोधनाचे बरेच विषय या भांडणातूनच निघतात.

आता कामाचं. महागडी लॅब नाही म्हणून गोव्यात अडून बसू नका. सुरुवात लॅपटॉपवर होते. स्पंदाचं सगळं वागणं एका अरैखिक श्रोडिंगर समीकरणात बसतं, आणि ते सोडवायची स्प्लिट-स्टेप फूरिये पद्धत पायथनमध्ये शंभरेक ओळींत लिहिता येते: फायबरचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात पसरणं वारंवारतेच्या बाजूनं मोजायचं, अरैखिकता काळाच्या बाजूनं. कोड बरोबर आहे का, हे तपासायला पहिल्या क्रमाचा, म्हणजे सगळ्यात साधा सॉलिटॉन सोडा. घट शून्य ठेवूनही त्याचा आकार वाटेत बदलला, तर चूक तुमची आहे, निसर्गाची नाही. माझी चूक फूरियेच्या चिन्हात होती. शोधायला अख्खी चवथीची सुट्टी गेली, नेवऱ्या तळायला आईला एकटीलाच बसावं लागलं, त्याचा उल्लेख अजून होतो.

लॅब मात्र वेगळी शाळा. पीएच.डी.ला मी गोव्याबाहेर गेले. २०१२ साली खाणी बंद झाल्या होत्या, बार्ज नांगरून पडल्या होत्या, त्यामुळे नेट-जेआरएफ, म्हणजे परीक्षेतून मिळणारी संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, मिळेपर्यंत मी थांबले. दुसऱ्या खेपेला निघालं. (जेआरएफ आता महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. पण पैसे वेळेवर येतीलच असं धरून खोली भाड्यानं घेऊ नका. मला एकदा पाच महिने वाट पाहावी लागली.) पहिल्याच वर्षी मी कनेक्टर न पुसता दोन वॅट सोडले आणि ॲम्प्लिफायरचं तोंड जाळलं. डोळ्याला न दिसणारी धूळ. त्यानंतर तीन महिने मी फक्त फायबर सोलणं, क्लीव्हरनं कापणं, पुसणं एवढंच केलं. हिरवा कनेक्टर तिरका घासलेला असतो, निळा सरळ. ते दोन एकमेकांना जोडायचे नाहीत, हेही तेव्हाच कळलं. कोणत्याही पेपरात हे लिहिलेलं नसतं.

पेपरांचं एक सांगायलाच हवं. १९६१ साली फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झमधून लाल लेझर सोडून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मिळवला. अरैखिक प्रकाशिकीची सुरुवात तिथून मानतात. त्यांच्या फोटोत तो प्रकाश म्हणजे एक फिकट ठिपका होता, आणि छापताना तो डाग समजून पुसला गेला. मूळ मोजमापं जपून ठेवा, एवढं मी यातून घेतलं.

मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्यांचे सध्याचे विद्यार्थी किती वर्षं अडकलेत ते विचारा. कॅन्टीनमध्ये विचारा, कार्यालयात नको. फायबर प्रत्यक्ष ओढण्यात रस असेल तर कोलकात्याची काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था पाहा. इथं फर्मागुढीला आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स आहे, कोण कशावर काम करतं ते आधी वाचा.

परत यायचं ठरवलं तर गोव्याच्या सरकारी कॉलेजांच्या जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठीचं इष्ट, आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. हा दाखला आधीच काढून ठेवा. नोकरी लागली की आठवड्याला सोळा तास शिकवायचं. संशोधन उरलेल्या वेळात. त्यातच इथली हवा. पावसाळ्यात केडीपीसारखे लेझरच्या प्रयोगांत लागणारे स्फटिक ओलावा शोषून धुरकट होतात, म्हणून मी ते लेकराला ठेवावं तसे कोरड्या डब्यात ठेवते.

फायबरची दोन टोकं वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीन घ्यायला आमच्याकडे पैसे नव्हते. गेल्या वर्षी घरचं इंटरनेट बंद पडलं म्हणून लाइनमन आला. त्यानं प्लग लावण्याआधी कनेक्टर पुसला, आणि मी त्याला तिथंच विचारलं, "दादा, एक दिवस कॉलेजात याल?" तो शनिवारी आपलं मशीन घेऊन आला. माझ्या नऊ विद्यार्थ्यांनी त्या दिवशी पहिला स्प्लाइस मारला. चार तुटले, दोनांची घट ०.०५ डेसिबलच्या खाली आली. जाताना तो मला म्हणाला, "बाई, तुमचा क्लीव्हर बोथट झालाय."