घातीवर ट्रॅक्टर बंद पडला? पंप खोलण्याआधी हवा काढा

मोठा पाऊस झाला की पुणे जिल्ह्याच्या शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर पट्ट्यात पेरणीची घात (पेरणीजोगी ओल असण्याची वेळ) जेमतेम दोन-तीन दिवस टिकते. नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टर वावरात उभे राहतात, आणि फार वेळा कारण एकच असते: डिझेल संपेपर्यंत चालवला. एवढ्याशा हयगयीने पेरणी आठवडाभर मागे गेलेली शेते दर हंगामात दिसतात. टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका. काटा थोडे डिझेल दाखवत असला तरी चढावर ते एका बाजूला सरकते, टाकीच्या तळाचे तोंड उघडे पडते आणि नळी हवा ओढते. रोटर (रोटाव्हेटर) मारताना तासाला ४ ते ६ लिटर सहज जातात, तेव्हा डिझेलचा कॅन बांधावर आणून ठेवा.

टाकी कोरडी पडली की हवा नळीत, फिल्टरमध्ये आणि इंजिनाच्या डिझेल पंपात शिरते. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे पंप फिरतो, पण नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) उघडण्याइतका दाब तयार होत नाही. पंपाच्या आतल्या एलिमेंटला (डिझेल दाबणाऱ्या भागाला) वंगणही डिझेलचेच मिळते. म्हणून सेल्फ मारत राहणे किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणे म्हणजे पंप कोरडा घासणे. बॅटरी उतरते ती वेगळीच.

आधी किमान १०-१५ लिटर डिझेल भरा, डिझेलचा कॉक उघडा आणि इंजिन बंद करायचा नॉब पूर्ण आत आहे ना ते पाहा. नॉब अर्धवट ओढलेला राहिल्यामुळे अख्खी सकाळ वाया गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. फिल्टरखालच्या वाटीत पाणी किंवा गाळ असेल तर सोडून द्या. मग पहिल्या फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाचा) हातपंप मारा. सुरुवातीला फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार सुरू असतानाच स्क्रू आवळा. हेच दुसऱ्या फिल्टरवर, आणि मग डिझेल पंपावरच्या स्क्रूवर करा. क्रम बदलू नका, नाहीतर मागची हवा पुन्हा पुढे येते. हातपंपाला जोरच लागत नसेल तर त्याला ढकलणारा कॅम (फिरता उंचवटा) वर अडकलेला असतो. इंजिन थोडे फिरवून पुन्हा मारा.

तरीही सुरू होत नसेल तर दोन नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करा, अॅक्सिलरेटर पूर्ण ओढा आणि १० सेकंद सेल्फ मारा. डिझेल उसळले की नट आवळा. दोन सेल्फमध्ये मिनिटभर थांबा. नोझलसमोर हात कधीही धरू नका, त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते. सीआरडीआय इंजिन (कॉमन रेल, खूप जास्त दाबाने डिझेल फवारणारे) असेल तर जास्त दाबाच्या पाइपांना पाना लावूच नका. हातपंपाने फिल्टरपर्यंतची हवा काढा, पुढचे काम मिस्त्रीचे.

सेल्फ मारताना धुरांड्यातून धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतो, म्हणजे पोचते पण पेट घेत नाही. बहुधा एखाद्या सिलिंडरला अजून हवा आहे. सुरू होऊन मिनिटभरात बंद पडतो किंवा आवाज वरखाली होतो, तर हवा अजून कुठून तरी आत येते. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल गळताना दिसत नाही, पण हवा मात्र आत जाते. जुना तांब्याचा वायसर, सैल क्लिप, तडकलेली रबरी नळी तपासा. तेवढ्यापुरती पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. टाकीचे झाकण सैल करताच ‘फुस्स’ आवाज आला आणि इंजिन सुधारले, तर झाकणाचे हवाछिद्र बुजले आहे.

इथपर्यंत तपासल्याशिवाय पंप खोलायला देऊ नका. दुकानात पंपाचे काम, नवी नोझल, नोझल साफ करणाऱ्या महागड्या बाटल्या पुढे केल्या जातात. टाकी कोरडी पडल्यावर तळाचा गाळ फिल्टरमध्ये जातो, म्हणून खरा खर्च बहुधा दोन फिल्टर आणि चार वायसरचा. फिल्टरच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवून पाहा. खाली पाण्याचा थर बसला तर दोष पंपाचा नाही, साठवणीचा आहे. पावसात ड्रम आडवा, किंचित तिरका, छपराखाली ठेवा. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) भांडे नको आणि डिझेलमध्ये रॉकेल तर अजिबात नको. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरा, रात्री आत दव धरत नाही.

ट्रॅक्टर सुरू झाला की पेरणीची नेहमीची कामे:
– ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच पेरणी
– सोयाबीन एकरी २६ ते ३० किलो, खोली ३ ते ४ सेंमी
– बीजप्रक्रिया: थायरम (बुरशीनाशक) ३ ग्रॅम प्रति किलो, पेरणीआधी रायझोबियम व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खते प्रत्येकी २५० ग्रॅम प्रति १० किलो
– बाजरी उथळ, २ ते ३ सेंमी

मावळ, मुळशी, भोरमध्ये भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर खाचरात तिरका होतो, तिथे टाकी अर्ध्याच्या वरच ठेवा. पेट्रोलवरच्या पॉवर वीडरला (तण काढायच्या छोट्या यंत्राला) हवा काढावी लागत नाही. पेट्रोल भरूनही सुरू होत नसेल तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून साचलेले पाणी व गाळ काढा.