कॉलवर आवाज तुटतोय? मोठा प्लॅन घेण्याआधी या चुका टाळा

कॉल अडखळायला लागला की बहुतेक घरांत आधी जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतला जातो. पैसे जातात, आवाज मात्र तसाच तुटत राहतो. साध्या आवाजी कॉलला लागतं तरी किती? जी.७११ या जुन्या कोडेकला (आवाजाचं डेटात रूपांतर करणाऱ्या पद्धतीला) ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. पॅकेटांचे, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांचे, हेडर (पत्त्याची माहिती) धरले तरी शंभराच्या आत. व्हिडिओला दोन-चार एमबीपीएस पुरतात. एवढं तर आज जवळपास प्रत्येक जोडणीत असतं.

कॉलला गरज असते ती पॅकेट वेळेवर पोचण्याची. एका सेकंदात किती डेटा वाहतो ते थ्रूपुट. एका पॅकेटला पोचायला किती वेळ लागतो ती लेटन्सी. सिनेमा डाउनलोड करताना पहिलं महत्त्वाचं, बोलताना दुसरं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलण्यात सहसा अडचण येत नाही. तो बराच वाढला की दोघं एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघंही थांबतात.

स्पीड टेस्ट घरात सगळं बंद असताना करणं ही दुसरी चूक. तेव्हा आकडे छानच येतात. खरी परीक्षा अशी घ्या: बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग (पॅकेट जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) चालू ठेवा आणि त्याच वेळी मोबाइलवरून मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा. २० मिलिसेकंदांचं पिंग ४००-५०० वर गेलं, तर दोष अपलोडच्या रांगेत आहे. मोडेम किंवा राउटर जादा पॅकेट टाकून देण्याऐवजी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठवत राहतो. १ एमबीपीएस अपलोडवर २५६ किलोबाइटचा बफर भरला, तर तो रिकामा व्हायलाच दोन सेकंद लागतात, आणि तुमचा आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा असतो. संगणक अभियंते जिम गेटिस यांनी या दुखण्याला बफरब्लोट हे नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्क संशोधकांनी त्यावर कोडेल ही रांग लांबू न देणारी पद्धत मांडली. हा उपाय इतकी वर्षं हाताशी असूनही अनेक राउटरांत तो नसतो किंवा बंद पडलेला असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक (हे सगळे रांग आटोक्यात ठेवणारे पर्याय) यांपैकी काही दिसतंय का पाहा. असेल तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. ही मर्यादा न घालता नुसतं 'कॉलला प्राधान्य' निवडणं, ही इथली नेहमीची चूक. रांग पुढच्या मोडेममध्ये लागत असेल, तर राउटरचं प्राधान्य तिथे पोचतच नाही. थोडा वेग हातचा सोडल्यावर रांग राउटरच्या ताब्यात येते. मात्र जुन्या राउटरचा प्रोसेसर वेगवान लाइनवर या कामाने दमतो. डाउनलोड फारच घसरला तर तेच कारण समजा.

सगळा दोष लाइनवर ढकलण्याआधी राउटरच्याच पत्त्याला पिंग करा. तिथेच आकडे उड्या मारत असतील, तर गडबड वाय-फायची आहे. केबल लावून पाहा. जमत नसेल तर ५ गीगाहर्ट्झवर जा. २.४ वरच राहायचं असेल तर १, ६, ११ यांपैकी मोकळा चॅनल घ्या. कोपऱ्यात रिपीटर बसवून सिग्नलच्या दांड्या वाढतात, पण तो प्रत्येक पॅकेट हवेतून पुन्हा पाठवतो, त्यामुळे विलंबही वाढतो.

इंटरनेट फोनवर एकाच बाजूचा आवाज येत असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे: राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट फोनच्या पॅकेटांत फेरफार करणारी सोय) बंद करून पाहा.

अंतराचा विलंब मात्र कुठल्याच सेटिंगने कमी होत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला एका बाजूने ५ मिलिसेकंद. दूरच्या देशातल्या सर्व्हरचा व्हीपीएन (तुमचा डेटा त्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) चालू असेल तर कॉलपुरता बंद करा. जोडणी सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहावरून येत असेल, तर जाऊन-येऊन अर्धा सेकंद जाणारच. तिथे राउटर बदलून उपयोग नाही.